परदेशातील शाळेत छात्राध्यापकाचा पहिला दिवस : सोलापुरातील तयारीपासून शाळा सुटेपर्यंत

इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षण घेण्यासाठी निघालेले सोलापूरचे विद्यार्थी जाण्यापूर्वी भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा एक जाड फाईल असते आणि तीत पहिल्या दिवसासाठी तयार केलेली दोन-तीन पाठटाचणे असतात. उद्दिष्टे, प्रस्तावना, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ असे रकाने नीट आखलेले असतात. मी ती टाचणे मनापासून वाचते आणि मग सांगते, की पहिल्या दिवशी यांची गरज पडणार नाही. त्या दिवशी तुम्हाला वर्ग पाहायचा असतो, आणि पाहणे हेदेखील पाठ घेण्याइतकीच पूर्वतयारी मागणारे काम आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी याच वाटेने लेस्टर शहरातील एका प्राथमिक शाळेत गेले होते. तेथे जे उमगले आणि सोलापुरातच शिकून गेले असते तर बरे झाले असते असे जे वाटले, ते येथे क्रमाने लिहिते.

हे मार्गदर्शन केवळ इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंड आणि वेल्सची शिक्षणव्यवस्था वेगळी आहे आणि तिकडचे नियमही वेगळे आहेत. इंग्लंडमधील पीजीसीई हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम पूर्णवेळ केल्यास साधारण एका शैक्षणिक वर्षाचा असतो, आणि त्याच्या जोडीने शिक्षकाचा अधिकृत दर्जा मिळवायचा असेल तर किमान १२० दिवस आणि किमान दोन शाळांमध्ये प्रत्यक्ष काम करावे लागते. आपल्याकडे दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून केलेला प्रत्यक्ष सराव, असते. तिचा अनुभव घेऊन तुम्ही जात असाल, तर तुम्ही कोऱ्या पाटीने जात नाही, हे आधी मनाशी पक्के धरावे.

सोलापुरातच करून ठेवायची कामे

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते, कारण विद्यापीठ त्यांची यादी देतेच. भारतातील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, व्हिसासाठी लागणारा क्षयरोग तपासणीचा दाखला, पदवी आणि गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती या गोष्टी वेळ खातात, म्हणून त्या आधी हातात घ्याव्यात. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची तिकडे डीबीएस नावाची पार्श्वभूमी तपासणी होते. पहिल्या दिवशी शाळेच्या कार्यालयात छायाचित्र असलेले ओळखपत्र मागतात, त्यामुळे पासपोर्ट जवळ असावा.

त्यानंतर वर्गांचा हिशेब समजून घ्यावा. तेथील शाळा चार वर्षे पूर्ण केलेल्या मुलांच्या रिसेप्शन वर्गापासून सुरू होते, त्यानंतर इयर १, इयर २ असे वर्ग चढत जातात आणि इयर ६ नंतर मूल माध्यमिक शाळेत जाते. वयाने पाहिल्यास तिकडचा इयर ५ हा साधारणपणे आपला चौथीचा वर्ग ठरतो. हा एका वर्षाचा फरक लक्षात न घेतल्याने माझ्यासोबतच्या एका मैत्रिणीने इयर ४ च्या मुलांसाठी आपल्या चौथीच्या पातळीची गणिते काढून नेली होती आणि ती सगळी बाजूला ठेवावी लागली.

प्राथमिक वर्गांसाठी जाणार असाल, तर तेथील वाचनपद्धती आधी ऐकून घ्यावी. मुलांना इंग्रजी अक्षरांची नावे शिकवण्यापूर्वी त्यांचे ध्वनी शिकवतात आणि ध्वनी जोडून शब्द वाचायला लावतात. मराठी माणसाला ही पद्धत चटकन कळते, कारण देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असतो. अडचण दुसरीकडे येते. आपण ‘म’ म्हणतो तेव्हा त्यात ‘अ’ मिसळलेला असतो, आणि तेथे अपेक्षित असतो तो ओठ मिटून काढलेला नुसता ‘म्’. ‘म’, ‘अ’ आणि ‘ट’ असे पूर्ण उच्चार जोडून मुलाला ‘मॅट’ वाचता येत नाही. ‘म्’, ‘ॲ’, ‘ट्’ असे पाय मोडून उच्चारले तरच शब्द जुळतो. हा सराव घरी आरशासमोर आठवडाभर करावा. इयर १ च्या अखेरीस मुलांची ४० शब्दांची वाचन-तपासणी होते आणि त्यांतील २० शब्द मुद्दाम तयार केलेले, अर्थ नसलेले असतात. मूल पाठांतराने वाचते आहे की ध्वनी जोडून, हे त्यावरून कळते. बालभारतीच्या पुस्तकावर वाढलेल्या आपल्याला निरर्थक शब्द वाचायला देणे विचित्र वाटते, पण त्यामागचे कारण समजले की ते पटते.

गणितातही काही सवयी बदलून जाव्या लागतात. आपला स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने पडतो, तिकडे तो सरळ दर तीन अंकांनंतर पडतो; त्यामुळे आपण १,००,००० लिहितो ती संख्या तेथे १००,००० अशी लिहितात आणि तिला ‘शंभर हजार’ म्हणतात. वजाबाकीत आपण हातचा घेतो, तेथील शिक्षक दशकाची दहा एककांत ‘अदलाबदल’ झाली असे सांगतात, आणि ही शब्दयोजना ते काटेकोरपणे पाळतात. भागाकार मांडताना उत्तर भाज्याच्या उजवीकडे कंस करून लिहिण्याची जी जुनी पद्धत आपल्या घरांत चालते, ती तेथील मुलांना ओळखू येत नाही. ते उत्तर भाज्याच्या वर लिहितात. पाढ्यांच्या बाबतीत मात्र आपली तयारी उपयोगी पडते. इयर ४ मध्ये १२ गुणिले १२ पर्यंतच्या पाढ्यांची तपासणी संगणकावर होते, २५ प्रश्न असतात आणि प्रत्येकासाठी सहा सेकंद मिळतात. तीसपर्यंतचे पाढे म्हणत मोठ्या झालेल्या माणसाला ते सोपे वाटेल. तरीही तेथील मुलासमोर स्वतःचा वेग दाखवू नये, कारण मूल तेथेच खचते.

शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम म्हणजे निघण्यापूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या मराठी शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दोन-तीन दिवस मागच्या बाकावर बसावे. हे कशासाठी, ते पुढे सांगते.

आदला दिवस

शाळेपर्यंतचा रस्ता आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच बसने जाऊन पाहावा. शाळेतून आलेला निरोप नीट वाचावा आणि वेळेबाबत शंका असल्यास विचारून घ्यावी. बोलताना तेथील लोक ‘हाफ एट’ म्हणतात, त्याचा अर्थ साडेआठ असा होतो. पहिल्या दिवशी मुले येण्याच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. सप्टेंबरमध्ये सत्र सुरू होते तेव्हा हवा आपल्या डिसेंबरच्या सकाळसारखी असते, पण पाऊस केव्हाही येतो आणि मैदानावरची देखरेख पावसाच्या भुरभुरीतही करावी लागते. म्हणून पाणी न शिरणारे बूट आणि जाड कोट हवाच. पोशाख साधा व नीटनेटका असावा; सलवार-कमीज चालते, पण शाळेच्या पोशाखविषयक सूचना आधी मागवून घ्याव्यात.

फाटकापासून हजेरीपर्यंत

शाळेचे दार बाहेरून उघडत नाही. घंटी वाजवून नाव सांगावे लागते, कार्यालयात नोंद करावी लागते आणि गळ्यात ओळखपत्राची पट्टी घालावी लागते. अनेक शाळांत तिच्या रंगावरून तुमची तपासणी पूर्ण झाली आहे की तुम्हाला सोबतीशिवाय फिरता येणार नाही, हे सर्वांना कळते. तुमच्या मागोमाग कोणी दारातून आत येऊ लागले, तर सौजन्य म्हणून दार धरून ठेवू नये. आपल्या संस्कारांना हे जड जाते, तरी त्या व्यक्तीला कार्यालयातच नोंद करायला सांगावे.

मार्गदर्शक शिक्षक तुम्हाला वर्गात नेतील. तेथील शिक्षक आपसांत पहिल्या नावाने बोलतात, आणि वयाने मोठ्या मुख्याध्यापिकेला नुसत्या नावाने हाक मारणे आपल्याला पहिल्या दिवशी जमत नाही. घाई करू नये. इतर कसे बोलतात ते ऐकावे आणि त्यांनी सांगितले की तसे बोलावे. मुलांसमोर मात्र सर्वजण एकमेकांना आडनावानेच संबोधतात. तुमचे आडनाव बिराजदार असेल, तर मुलांना ते फळ्यावर लिहून, तुकडे पाडून, दोनदा म्हणवून घ्यावे. ‘मिस बी’ म्हटले तरी चालेल, असे आपणहून सांगू नये. मुले डायनोसॉरची लांबलचक नावे बिनचूक म्हणतात. तुमचे आडनावही म्हणतील, आणि ज्या मुलाचे स्वतःचे नाव वर्गाला अवघड जाते, त्याला त्यातून धीर मिळेल.

तुम्ही वर्गात शिरल्यावर मुले उभी राहणार नाहीत आणि ‘एक साथ नमस्ते’ ऐकू येणार नाही. यात अनादर नसतो. हजेरी सकाळी एकदा आणि दुपारच्या सत्रात एकदा अशी दोनदा घेतली जाते, ती संगणकावर भरतात आणि ती कायदेशीर नोंद मानली जाते. त्यामुळे तिच्यात तुम्ही परस्पर काही बदल करू नये. हजेरी चालू असताना तुमचे काम एकच, ते म्हणजे नावे ऐकणे. शिक्षकांकडून बसण्याच्या जागांचा तक्ता मागून घ्यावा आणि प्रत्येक नावापुढे ऐकलेला उच्चार देवनागरीत लिहावा. शिवॉन या आयरिश नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून त्याचा उच्चार कोणालाही ओळखता येणार नाही; देवनागरीत ते तीन अक्षरांत अचूक उतरते. आपल्या लिपीचा इतका नेमका उपयोग मला आयुष्यात क्वचितच झाला आहे. हा तक्ता शाळेतच ठेवावा, घरी नेऊ नये.

मागच्या बाकावरून काय पाहावे

आपल्याकडे निरीक्षण म्हणजे पाठाचे निरीक्षण, आणि आपण शिक्षकाकडेच पाहत राहतो. तेथे मला मार्गदर्शिकेने पहिल्याच तासाला सांगितले, की माझ्याकडे पाहू नका, तीन मुलांकडे पाहा. मी वहीच्या पानावर तीन रकाने पाडले: घड्याळातील वेळ, शिक्षिकेने काय केले आणि त्या तीन मुलांनी काय केले. दहा मिनिटांत कळले, की शिक्षिका बोलत असताना समोरचा एक मुलगा मान हलवत होता, पण त्याच्या छोट्या पांढऱ्या पाटीवर काहीच उमटले नव्हते. आणि खिडकीकडे पाहत बसलेल्या मुलीने मात्र उत्तर लिहून पाटी पालथी ठेवली होती. शिक्षिकेने ‘दाखवा’ म्हणताच तीसही पाट्या वर आल्या, तिने सर्वांवरून नजर फिरवली आणि पुढचा प्रश्न त्या मान हलवणाऱ्या मुलाजवळ जाऊन, हळू आवाजात विचारला.

याच पद्धतीने पाठाच्या सांध्यांकडे लक्ष द्यावे. जमिनीवरच्या सतरंजीवरून मुले बाकांवर कशी जातात, वह्या कोण वाटते, गलका झाल्यावर शिक्षक काय करतात, या गोष्टी लिहून घ्याव्यात. आपल्याकडे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटले की वर्ग शांत होतो. तेथे कोणी हात वर करून थांबते, कोणी टाळ्यांचा ठेका वाजवते आणि मुले तोच ठेका परत वाजवून गप्प होतात. प्रत्येक वर्गाची खूण ठरलेली असते. तुम्ही स्वतःची नवी खूण आणू नये, असलेलीच शिकून घ्यावी. वर्गातील साहाय्यक शिक्षिकेशी आवर्जून बोलावे. कोणत्या मुलाला कशाने बरे वाटते, हे तिला सर्वांत जास्त ठाऊक असते.

आता पूर्व भागातील शाळेविषयी. माझी आंतरवासिता तेथे झाली. यंत्रमाग आणि विडी यांवर जगणाऱ्या घरांतील ती मुले घरी तेलुगू बोलत आणि शाळेत मराठी वाचत. पहिलीतील एक मुलगी महिनाभर काहीच बोलली नव्हती आणि मी तिची नोंद ‘अबोल’ अशी केली होती. एका दुपारी ती माझ्या बाटलीकडे बोट करून ‘नीळ्ळु’ म्हणाली. मी ‘पाणी’ म्हटले, ती ‘पाणी’ म्हणाली, आणि मग तिने खिडकी, चप्पल, फळा अशा एकेका वस्तूचे तेलुगू नाव मला सांगून माझ्याकडून मराठी नाव वसूल केले. मी माझी नोंद खोडली. लेस्टरच्या वर्गात तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या देशातून आलेला एक मुलगा असाच गप्प बसला होता. त्याला बोलते करण्याच्या प्रयत्नात त्याच्या आजूबाजूचे सारे दमले होते. मी त्याच्या शेजारी बसले आणि पेन्सिलीला त्यांच्या भाषेत काय म्हणतात, ते खुणेने विचारले.

घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी इंग्लंडच्या शाळांत स्वतंत्र संज्ञा आणि आधाराची व्यवस्था असते. नव्या भाषेत आलेले मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसते ऐकत राहते, आणि त्या काळात त्याला बोलण्याची सक्ती करू नये, हे तेथील शिक्षकांना माहीत असते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मुख्याध्यापक जेव्हा तुमच्या गावाविषयी विचारतील, तेव्हा हे सांगावे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच आणि रुग्णांशी बोलण्यासाठी ते चिनी भाषा शिकले, हेही सांगावे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली, ही गोष्ट शिक्षक-कक्षात अनेकांना ऐकून माहीत असते. ते गाव आपल्या जिल्ह्यातील आहे, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

डबा

पहिल्या दिवशी मी डब्यात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. आईने सामान बांधताना दिलेल्या चटणीची ती पहिलीच पुडी होती. शिक्षक-कक्षात झाकण उघडताच शेजारच्या शिक्षिकेने विचारले, की त्यात शेंगदाणे आहेत का. मी हो म्हणताच त्या शांतपणे उठल्या, त्यांनी डबा बंद करून घेतला, मला हात साबणाने धुवायला सांगितले आणि टेबल पुसले. माझ्याच वर्गातील एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. त्याच्यासाठीचे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन त्याच्या छायाचित्रासह वर्गाच्या कपाटात ठेवलेले होते, आणि सकाळी ते दाखवले गेले तेव्हा मी ते डब्याशी जोडून पाहिले नव्हते. चटणीचा तिखट तेलकट हात घेऊन मी त्या मुलाची वही तपासायला बसले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

म्हणून डब्याविषयी आग्रहाने लिहिते. तेथील बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणि इतर कवचफळांना बंदी असते. शेंगाचटणी, शेंगांचे कूट घातलेली भाजी, कोशिंबीर, दाण्याचा लाडू, शेंगदाणा घातलेला चिवडा यांपैकी काहीही शाळेत नेऊ नये, आणि मुलांना खाऊ म्हणून तर मुळीच देऊ नये. सोलापुरी स्वयंपाकात कूट इतके मुरलेले असते, की ते घातल्याचे आपल्याला आठवतही नाही. पहिल्या आठवड्यात साधी भाकरी, दही, भात किंवा उकडलेल्या भाज्या न्याव्यात. वर्गात कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे आणि औषध कोठे ठेवले आहे, हे पहिल्या तासाभरातच विचारून घ्यावे.

मुलांची सुरक्षितता

शाळेतील प्रत्येकाने मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या शासकीय मार्गदर्शिकेचा पहिला भाग वाचलेला असावा लागतो. तो विद्यापीठाकडून मिळाल्यावर प्रवासापूर्वीच वाचावा. शाळेत शिरल्यावर त्या विषयाच्या जबाबदार व्यक्तीचे नाव आणि खोली विचारून लिहून ठेवावी. एखाद्या मुलाने तुम्हाला काही गंभीर सांगितले, तर शांतपणे ऐकावे, खोदून प्रश्न विचारू नयेत, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि लगेच त्या व्यक्तीकडे जावे. हे आपल्याला अगदीच नवे नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानेही अशी माहिती दडवून ठेवण्यास मनाई केलेली आहे.

स्पर्शाबाबत सवय बदलावी लागते. गालगुच्चा घेणे, डोक्यावरून हात फिरवणे, लहानग्याला मांडीवर घेणे हे आपल्याकडे मायेचे असते. तेथे ते टाळावे आणि रडणाऱ्या मुलाजवळ, त्याच्या उंचीइतके खाली बसून बोलावे. स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे किंवा त्यांच्या कामाचे छायाचित्र काढू नये. मोबाइल दिवसभर बंद करून कपाटात ठेवावा. एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसू नये, दार उघडे ठेवावे.

शाळा सुटल्यावर

मुले सोडताना दारात उभे राहून पाहावे, की लहान मुलांना कोणाच्या हाती द्यायचे, याची शिक्षक खात्री कशी करतात. तुम्ही स्वतः कोणत्याही मुलाला कोणाच्याही हाती देऊ नये. त्यानंतर मार्गदर्शक शिक्षकांशी पंधरा मिनिटे मिळतात. त्यांना ‘माझे काही चुकले का’ असे विचारल्यास सौजन्याने ‘नाही’ असे उत्तर मिळते. त्याऐवजी वहीतील एक नोंद दाखवून विचारावे: ‘दहा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही प्रश्न मध्येच बदललात, तो का?’ अशा प्रश्नाने खरे शिकवणे उलगडते, आणि उद्या कोणते लहानसे काम तुमच्याकडे सोपवायचे, हेही त्यांना ठरवता येते. ते काम बहुधा चार-पाच मुलांच्या गटासोबत वाचन घेण्याचे असते. त्या मुलांची नावे आणि त्यांचे पुस्तक त्याच वेळी मागून घ्यावे.

शाळा सव्वातीन-साडेतीनला सुटते, तेव्हा सोलापुरात रात्रीचे आठ वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर घड्याळे मागे गेली, की नऊ. घरची माणसे जेवणे उरकून फोनची वाट पाहत बसलेली असतात. त्यांना दिवस सांगावा, शाळा सांगावी, मुलांच्या गमती सांगाव्यात, पण कोणत्याही मुलाचे नाव किंवा घरची परिस्थिती फोनवर वा व्हॉट्सॲपच्या गटावर जाऊ देऊ नये. मी त्या रात्री आईला चटणीविषयी सांगितले. पुढच्या महिन्यात आलेल्या पार्सलमध्ये शेंगाचटणीच्या जागी जवसाची चटणी होती आणि पुडीवर तिच्या अक्षरात लिहिले होते : ‘दाणे नाहीत.’ तीही मी शिक्षिकेला विचारूनच शाळेत नेली.